चौथी जागा

नेताई दोलुईच्या वयाबद्दल दोन मतं होती. एक त्याच्या आईचं आणि दुसरं सरकारी कागदाचं. आईच्या मते त्या चैत्रात त्याला सदतीस पूर्ण झाली होती. कागदावर मात्र तो चौतीसचा होता, आणि त्यामुळे स्वतःच्या धाकट्या भावापेक्षा दीड वर्षानं लहान. सतराव्या वर्षी हरिपालच्या क्लबातल्या एका दादानं त्याला सोळा वर्षांखालच्या संघात बसवण्यासाठी हा उद्योग केला होता. चांगलं मिसरूड फुटलेला तो ‘चौदा वर्षांचा’ मुलगा मैदानात उतरला तेव्हा पंचानं त्याच्याकडे नुसतं पाहिलं आणि शिट्टी वाजवली. पंचाचा स्वतःचा भाचाही त्याच संघात होता, तो काय बोलणार!

पुढे सतरा हंगाम नेताई कोलकात्याच्या मैदानावर फुटबॉल खेळला. क्लब अकरा. पाचव्या डिव्हिजनपासून सुरुवात केली आणि चढत-उतरत पहिल्यापर्यंत पोचला. सगळ्यांत वरच्या प्रीमियरचं गवत त्यानं तिकीट काढूनच पाहिलं होतं. जागा एकच, स्टॉपर. गोलकीपरच्या पुढ्यात उभं राहायचं आणि येईल त्याला अडवायचं. या जागेवरच्या माणसाचं नाव पेपरात येत नाही, आणि आलं तर गोल खाल्ला म्हणून येतं. एका क्लबानं त्याला काढलं तेव्हा त्याला कळवायचंच राहून गेलं. तो आपला रोज पहाटे चार चाळीसची गाडी पकडून हावड्याला, तिथून लाँचनं बाबूघाटाला आणि पायी मैदानावर, असा सरावाला जात राहिला. पंधरा दिवसांनी सेक्रेटरीला लाज वाटली आणि त्यानंच त्याला पुन्हा संघात घेतलं. नेताईला हे सगळं नंतर कळलं. ‘बरं झालं आधी कळलं नाही,’ एवढंच तो म्हणाला.

अकराव्या क्लबात, म्हणजे हरीतकीबागान स्पोर्टिंगमध्ये, त्याला येऊन सहा वर्षं झाली होती. सिराजुल मोल्ला त्याला तिथंच भेटला. सिराजुल भांगडचा, दोन वर्षांनी लहान, गोल मारणारा, आणि बडबडा. नेताई दिवसभरात जेवढं बोलायचा तेवढं सिराजुल बुटाच्या नाड्या बांधता बांधता बोलून टाकायचा. दोघांची जोडी जमली ती खेपेमुळे. खेप म्हणजे गावोगावच्या स्पर्धेत एका दिवसापुरतं भाड्यानं खेळायला जाणं. क्लबांना ही खेप मुळीच खपत नाही. खेपेत पाय मोडला की हंगाम बुडतो, म्हणून हरीतकीबागानच्या तंबूत सेक्रेटरी ननीगोपाल साधुखाँ यांच्या सहीनं एक कागदच डकवलेला होता: खेप खेळणाऱ्यास काढून टाकण्यात येईल. त्याच ननीदांना हुगळीतल्या गावागावांतून खेपेच्या फायनलला प्रमुख पाहुणे म्हणून बोलावणं असायचं आणि ते धोतराला इस्त्री करून जायचे. आपल्याच खेळाडूच्या हातात बक्षीस देताना ते त्याला ओळखत नसत. हे सगळ्यांना ठाऊक होतं आणि कोणाचं काही अडत नव्हतं.

खेपेचा दलाल बाचू हाजरा या दोघांना जोडीनंच विकायचा. एकाला फोन केला की दोघं यायचे. सहा वर्षांत किती गावं, किती खोटी नावं, किती बक्षिसाचे बोकड आणि किती स्टीलची कपाटं झाली याची गणती नाही. जोडीनं फिरणाऱ्या माणसांना एकमेकांची दुखणी कळतातच. सिराजुलचा डावा गुडघा आतून गेलेला होता. सरळ पळताना काही नाही, पण त्या पायावर जोर देऊन डावीकडे वळायची वेळ आली की तो अर्धा क्षण थांबायचा. त्याला डॉक्टरकडे नेलं होतं नेताईनंच, आणि सामन्याच्या आदल्या दिवशी लसूण घातलेलं मोहरीचं गरम तेल चोळायचा तोही नेताईच. उलट, एका सामन्यात कोणाचं तरी कोपर लागल्यामुळे नेताईच्या उजव्या डोळ्याची कड धूसर झाली होती. त्या बाजूनं कोणी निसटलं तर त्याला उशिरा दिसायचं. डोळ्यांच्या दवाखान्यात रांगेत नंबर लावून बसला होता सिराजुल. या दोन गोष्टी दोघांखेरीज मैदानावर कोणालाही माहीत नव्हत्या.

आणि मग त्या वर्षी हरीतकीबागान प्रीमियरमध्ये गेलं. क्लबाच्या जन्मात पहिल्यांदा. ननीदा तीन दिवस रडत-हसत होते. प्रीमियरला पैसा लागतो, म्हणून त्यांनी लोखंडी सळयांचा एक व्यापारी गाठला. त्यानं पैसा दिला, पण अट घातली. संघ तरुण दिसला पाहिजे, तिशीपुढचे फक्त चार.

पोइला बैशाखला, म्हणजे बंगाली वर्षाच्या पहिल्या दिवशी, बार पूजा झाली. गोलपोस्टच्या आडव्या दांडीला झेंडूचा हार घातला, भटजींनी मंत्र म्हटले, नारळ फुटला आणि सगळे तंबूपुढच्या बाकांवर स्टू आणि टोस्ट खायला बसले. ननीदा कागद घेऊन उभे राहिले. तिशीपुढच्यांची तीन नावं त्यांनी वाचली. गोलकीपर, मधल्या फळीतला एक हाफ, आणि बाहेरून आणलेला एक विंगर. मग ते खोकले.

“चौथी जागा रिकामी आहे,” ते म्हणाले. “नेताई किंवा सिराजुल. स्टॉपर घ्यावा की गोल मारणारा, माझं मलाच ठरत नाहीये. पुढच्या रविवारनंतर सांगतो.”

“रविवारी काय आहे?” सिराजुलनं विचारलं.

“रविवारी मला देवदर्शनाला जायचंय,” ननीदा म्हणाले आणि स्टूच्या वाटीत बघू लागले.

देव कुठला ते शनिवारी कळलं. बाचूचा फोन आला.

“नेताईदा, उद्या पाटुलडांगा. फायनल आहे. तू पाटुलडांगाकडून, सिराज हाटपुकुरकडून.”

“जोडी का तोडली रे?”

“मी कशाला तोडतोय? माझं दुकान चाललंय त्या जोडीवर. ननीदांनी सांगितलं, दोघांना समोरासमोर उभं कर. प्रमुख पाहुणे तेच आहेत.”

नेताईनं फोन ठेवला. अंगणात त्याची बायको झर्ना वाळूत मुरमुरे भाजत होती. तिनं वर न बघताच विचारलं, “काय झालं? आवाज पडलाय.”

“उद्या सिराजसमोर खेळायचंय. जो बरा दिसेल त्याला प्रीमियर.”

झर्नानं झाऱ्यानं मुरमुरे उपसून टोपलीत टाकले. “आणि तुम्हाला हवंय?”

“हवंय,” नेताई म्हणाला. सतरा वर्षांत त्यानं ही गोष्ट इतक्या स्पष्टपणे कोणापुढे बोलून दाखवली नव्हती. बोलल्यावर त्याचं त्यालाच दचकायला झालं. “फार हवंय गं. एकदा तरी तिथं उतरायचंय. पण त्यालाही तेवढंच हवंय.”

“मग त्याला हवंय ते तो बघेल. तुम्ही जाऊन झोपा.”

रविवारी बाचूनं पाठवलेल्या टेंपोत दोघं मागं समोरासमोर बसले. तारकेश्वर मागं पडलं तरी सिराजुल गप्पच होता, तेव्हा ड्रायव्हरनंसुद्धा मान वळवून बघितलं. शेवटी नेताई बोलला.

“आज मी तुला सोडणार नाही.”

“सोडलंस तर तोंड बघणार नाही तुझं,” सिराजुल म्हणाला आणि बाहेर बटाट्याच्या रिकाम्या शेतांकडे बघत राहिला.

पाटुलडांगाचं मैदान म्हणजे कापणी झालेलं भातशेत, वर पाणी मारून दाबलेलं. चहूबाजूंनी माणसं, झाडावर माणसं, शाळेच्या पत्र्यावर माणसं. लाऊडस्पीकरवरच्या माणसानं नेताईची ओळख ‘आपल्याच मातीतला तपन मंडल’ अशी करून दिली, आणि त्या मातीतल्या लोकांनी या अनोळखी तपनसाठी टाळ्या वाजवल्या. मांडवात ननीदा गळ्यात हार घालून बसले होते. त्यांनी नेताईकडे पाहिलं आणि ओळख दाखवली नाही. त्यांच्या मांडीवर मात्र एक छोटी वही होती.

पहिल्या अर्ध्या तासात नेताई जीव तोडून खेळला, पण एक गोष्ट त्यानं केली नाही. सिराजुल गोलकडे पाठ करून चेंडू घ्यायचा तेव्हा त्याच्या उजव्या खांद्याला चिकटून उभं राहिलं असतं तर त्याला डावीकडेच वळावं लागलं असतं. दुसऱ्या कोणा स्टॉपरला हे सुचलं नसतं. नेताईला हे दर वेळी सुचत होतं आणि दर वेळी तो मधोमध उभा राहत होता. दवाखान्यात कळलेली गोष्ट मैदानात वापरायची त्याला शरम वाटत होती. ननीदांसमोर, बाचूसमोर, चार गावांच्या दलालांसमोर मित्राचा गुडघा उघडा पाडायचा म्हणजे काय!

पंचविसाव्या मिनिटाला हाटपुकुरच्या हाफनं चेंडू उंच टाकला. नेताईनं डावीकडे बघितलं, समोर बघितलं, सिराजुल कुठंच नव्हता. तो उजवीकडून, बरोबर त्या धूसर कडेतून निसटला होता. नेताई वळेपर्यंत चेंडू जाळ्यात होता. झाडावरची माणसं ओरडली. मांडवात ननीदांनी वहीत काहीतरी लिहिलं.

मध्यंतरात दोन्हीकडचे खेळाडू एकाच पाण्याच्या टाकीवर गेले. नेताईनं रागारागानं तोंडावर पाणी मारलं. सिराजुल त्याच्या शेजारी येऊन उभा राहिला.

“डोळ्यावरून गेलास,” नेताई म्हणाला.

“गेलो. मग?”

“मी तुझ्या गुडघ्यावर एकदाही आलो नाही.”

“तेच विचारायला आलोय!” सिराजुलचा आवाज एवढा चढला की बाजूचे दोघं सरकले. मग त्यानं तो खाली आणला. “का आला नाहीस? भीक घालतोस मला? मी दाराशी आलेला फकीर आहे का? मला ती जागा तुझ्याकडून हिसकावून पाहिजे, नेताईदा. तू मागं सरलास म्हणून मिळाली तर मी प्रीमियरमध्ये उतरून रोज काय म्हणू? मी तुझा डोळा वापरला. तू माझा गुडघा वापर. नाहीतर बूट काढ आणि घरी जा, वहिनीबरोबर मुरमुरे भाज.”

“सगळ्यांना कळेल.”

“कळू दे. माझा गुडघा आहे.”

उत्तरार्धाची शिट्टी झाली आणि नेताई सिराजुलच्या उजव्या खांद्याला जाऊन चिकटला. तिथून तो तीस मिनिटं हलला नाही. चेंडू आला की सिराजुलला एकच वाट मोकळी असायची, डावीकडची. पहिल्यांदा तो वळला तेव्हा अर्धा क्षण अडला आणि नेताईनं चेंडू काढून घेतला. दुसऱ्यांदा तेच. पाचव्या-सहाव्या वेळी लोकांच्याही लक्षात आलं. “ए, याचा पाय बघ, पाय बघ,” कोणीतरी पत्र्यावरून ओरडलं. सिराजुलनं दात आवळले. तो चेंडू मागत राहिला आणि वळत राहिला. एकदाही त्यानं चेंडू मागं देऊन सुटका करून घेतली नाही. नेताईनं धक्का मारला नाही, शर्ट ओढला नाही, पायावर पाय टाकला नाही. फक्त उभा राहिला. आणि उजवीकडची धूसर कड सांभाळायला आता त्याला बघायची गरजच नव्हती. सिराजुलचा खांदा त्याच्या छातीला लागलेला होता, तो हलला की कळायचं.

पाटुलडांगानं एक गोल फेडला. शेवटच्या मिनिटाला सिराजुलला चेंडू मिळाला आणि तो पुन्हा डावीकडे वळला, आणि या वेळी अडला नाही. गुडघ्याचं काय व्हायचं ते होऊ दे म्हणून त्यानं सगळं अंग त्या पायावर टाकलं आणि तो सुटला. नेताई क्षणभर मागं पडला. सिराजुलनं मारलं तेव्हा नेताईनं आडवं होऊन तोंडावर चेंडू घेतला. ओठ फुटला. चेंडू बाहेर गेला. सिराजुल मात्र जागच्या जागी बसला होता, दोन्ही हातांनी गुडघा धरून.

सामना टायब्रेकरवर पाटुलडांगानं जिंकला, पण ते कोणाच्या लक्षात राहणार! ननीदांनी बक्षीस देताना पहिल्यांदाच खेपेत नेताईला ओळख दाखवली. हळूच म्हणाले, “चौथ्या जागेवर सही तुझी.” आणि लगेच पुढे, “पोराचा गुडघा गेलाय आणि मला सहा वर्षांत कोणी सांगितलं नाही. तुला माहीत होतं ना रे?”

“होतं,” नेताई म्हणाला.

परतीच्या टेंपोत सिराजुल बसलाच नाही. बाचूनं त्याला मोटारसायकलवर मागं बसवून स्टेशनला सोडलं.

मग तीन आठवडे सिराजुलचा फोन बंद. बाचूकडून कळलं, की आता कोणतंही गाव त्याला खेपेला मागत नाही. हुगळीच नाही, पार नदिया जिल्ह्यापर्यंत बातमी गेली. दुसऱ्या डिव्हिजनच्या दोन क्लबांनी त्याच्याशी चालवलेलं बोलणं थांबवलं. नेताईला नुसती जागा हिसकावल्यासारखं वाटेना. त्यानं मित्राचं अख्खं दुकानच बंद केलं होतं. तो ताटावरून अर्धवटच उठायला लागला. झर्ना दोन दिवस बघत होती, तिसऱ्या दिवशी तिनं ताट त्याच्या पुढ्यात आपटलं.

“जागा परत देऊन टाकायची आहे का?”

नेताईनं बराच विचार केला. “नाही.”

“मग जेवा. जागा घेतलीत तर अंगात ताकद ठेवा. अर्धपोटी उतरलात आणि हरलात तर त्या पोराचा गुडघा फुकट गेला म्हणायचा.”

तो जेवला. दुसऱ्या दिवसापासून चार चाळीसच्या गाडीआधी गावातल्या कालव्याच्या काठानं एक फेरी जास्त मारायला लागला.

सहीचा दिवस आला. फुटबॉल संघटनेच्या कचेरीबाहेर क्लबांची, खेळाडूंची, रिकामटेकड्यांची गर्दी होती. ननीदा फाइल घेऊन आत गेले होते. नेताई इस्त्रीच्या शर्टात जिन्याशी उभा होता आणि कोणीतरी मागून त्याच्या पाठीत गुद्दा घातला.

“एकटाच आलास? दुसऱ्या क्लबानं पळवून नेलं म्हणजे?”

पूर्वी मोठे क्लब सहीच्या आदल्या दिवशी एकमेकांचे खेळाडू पळवून लपवून ठेवत, म्हणून प्रत्येक खेळाडूबरोबर राखणीला एक माणूस असायचा. खालच्या डिव्हिजनच्या म्हाताऱ्या स्टॉपरला कोण पळवणार! पण सहा वर्षं सिराजुल नेताईच्या सहीला राखणदार म्हणून आला होता आणि दर वर्षी हेच बोलला होता. नेताईनं आधी त्याच्या पायाकडे बघितलं. “गुडघा?” त्यानं विचारलं.

“आहे तिथंच आहे. जा, सही कर, ननीदा हाका मारतायत. आणि रडू नकोस, शाई पसरेल.”

नेताई आत गेला आणि सतरा वर्षांत पहिल्यांदा प्रीमियरच्या रजिस्टरात सही केली. पेन दोनदा अडलं. बाहेर आला तेव्हा त्याला वाटलं सिराजुल निघून गेला असेल. तो खालच्या पायरीवर बसून भाजलेले शेंगदाणे खात होता.

“सिराज, मी...”

“माफी मागितलीस तर हे शेंगदाणे तोंडावर मारीन. ऐक. मी पण सही केली, सकाळीच. ढुलीपाडा युवक संघ. चौथी डिव्हिजन.”

“त्यांना गुडघा माहीत आहे?”

“मीच सांगितला. म्हटलं, गोल मारायला ठेवू नका, राइट बॅकला ठेवा. विंगरला बाहेरच्या रेषेलाच ढकलत राहायचं, आत येऊच द्यायचं नाही. मग मला डावीकडे वळायचं काम कुठं पडतं? सगळं उजवीकडेच.” सिराजुलनं मूठभर शेंगदाणे तोंडात टाकले, चावून संपवले, आणि पहिल्यांदाच नेताईच्या डोळ्यांत बघितलं. “आयुष्यभर गोल मारले, नेताईदा. अडवायचं कसं ते येत नाही मला. पस्तिसाव्या वर्षी शिकायचंय. तुझा सराव साडेसहाला सुरू होतो ना? त्याआधी, उद्या साडेपाचला येऊ का?”

“पाचला ये,” नेताई म्हणाला. त्याच्या पहिल्या गाडीनं पाचला मैदानावर पोचता येत नाही, म्हणजे त्याला स्वतःलाच आज रात्री कोलकात्यात कुठंतरी आडवं व्हायला जागा शोधावी लागणार होती. “आणि उशीर केलास तर आल्या पावली परत पाठवीन.”